देवी, सती आणि अळवंतीण : आपल्या मुलखातल्या बाईच्या रागाचा इतिहास

गोव्यात सुर्ला नावाची दोन गावे आहेत. एक सत्तरीत, चोर्ला घाटाच्या माथ्यावर. दुसरे डिचोली तालुक्यात, मांडवीच्या अंगाला. तिथल्या नदीकाठाला अजून सुर्ला तार म्हणतात. तार म्हणजे होडीने नदी उतरायची जागा. हा निबंध या दुसऱ्या सुर्ल्याचा आणि त्याच्या आजूबाजूच्या मुलखाचा, म्हणजे डिचोली, पेडणे आणि थोडी सत्तरी यांचा आहे.

आपल्या मंडळात आजवर देवळे, तळी, मशीद, वीरगळ, गुंफा यांवर पुष्कळ बोलणे झाले. भुतांवर मात्र कोणी बोलत नाही. भूत म्हणजे अंधश्रद्धा, त्यात कसला आलाय इतिहास, असे आपण धरून चालतो. भूत खरे की खोटे, हा माझ्या निबंधाचा प्रश्न नाही. मला विचारायचे आहे ते एवढेच, की मेलेल्या बायकांपैकी गावाने कोणाला देवी ठरवले, कोणाचा दगड उभा केला आणि कोणाला भूत म्हणून वेशीबाहेर घालवले? हे ठरवणारी माणसे जिवंत होती, त्यांचे हिशेब होते. म्हणून हा इतिहासाचा विषय आहे.

भुतांची वही

कोकणातल्या भुतांची पद्धतशीर नोंद पहिल्यांदा कशी झाली, ती हकिकत ऐकण्यासारखी आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन, ज्याला 21 डिसेंबर 1909 रोजी अनंत कान्हेऱ्यांनी गोळी घातली, तो लोकविद्येचा अभ्यासक होता. त्याने एक प्रश्नावली काढून मुंबई इलाख्यातल्या गावोगावच्या शाळामास्तरांकडे पाठवली होती. त्याच्या मृत्यूनंतर ती उत्तरे एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने संपादित केली आणि कोकणचा भाग 1915 साली छापून आला. त्यात गोवा नाही, कारण गोवा पोर्तुगीजांकडे. पण भुतांना सरहद्द नसते. त्या पुस्तकातली बहुतेक नावे पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या म्हाताऱ्या माणसापुढे वाचली, तर तो मान डोलावतो.

ती यादी अशी. मुंज झाली आणि लग्नाआधी मेला, तो मुंजा. धनाचा लोभ सुटला नाही किंवा मागे पाणी द्यायला कोणी राहिले नाही, तो समंध. पाण्यात बुडून मेला, तो गिऱ्हा. मग बायका. नवरा जिवंत असताना मेली, ती जखीण. विधवा मेली, ती लावसट. बाळंतपणात किंवा बाळंत होऊन दहा दिवसांच्या आत मेली, ती हडळ. आमच्याकडे हिलाच अळवंतीण म्हणतात. गावोगाव थोडा फरक पडतो, पण सांगाडा हाच.

आता हीच यादी वहीसारखी पाहा. पुरुषाचे भूत कशावरून ओळखायचे? त्याचा संस्कार, त्याचे धन, त्याची जात, त्याला आलेला अपघात. बाईचे भूत कशावरून? नवरा आहे की नाही आणि पोटात मूल होते की नाही. तिसरा रकानाच नाही. जिवंतपणी बाईची जी नोंद घरात होती, तीच मेल्यावर स्मशानात गेली.

आणि ही उत्तरे लिहिली कोणी? शाळामास्तरांनी, म्हणजे पुरुषांनी. ज्यांनी बाळंतिणीच्या खोलीचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता. वयजिणीला, म्हणजे सुईणीला, कोणी काही विचारले नाही. तिने पाहिलेले मरण कागदावर आलेच नाही. आले ते मरणानंतरचे भूत.

खिळा आणि राळे

अळवंतिणीचे वर्णन तुम्ही ऐकलेले असेल. हिरवे लुगडे, मोकळे केस, हातात चुडा, पावले उलटी. पुढून देखणी, पाठीमागून पोकळ. तिन्हीसांजेला चिंचेखाली, नाहीतर पाणवठ्यावर दिसते. बाळंतिणीवर आणि तान्ह्या पोरावर तिचा डोळा.

हिरवे लुगडे आणि चुडा का, याचा विचार आपण करत नाही. सवाष्ण बाईला जाताना तसेच नेसवतात म्हणून. भयकथेतला तिचा वेष म्हणजे तिला शेवटचे नटवले तो वेष. तो आपणच घातलेला.

अशी बाई गेली, की तिने परत येऊ नये म्हणून काय करायचे, तेही ठरलेले होते. घरापासून स्मशानापर्यंत वाटेवर राळे टाकायचे. ते दाणे वेचल्याशिवाय तिला पुढे येता येत नाही आणि वेचून होईपर्यंत उजाडते. उंबरठ्यात लोखंडी खिळा ठोकायचा. एन्थोवेनच्या पुस्तकात दोन्ही आहे, आणि माझ्या आजीच्या तोंडीही दोन्ही होते.

आजीने हे मला गोष्ट म्हणून सांगितले नव्हते. आमच्याच घरातली हकिकत म्हणून सांगितले. माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाची पहिली बायको पहिल्याच बाळंतपणात गेली. मूलही गेले. त्याच रात्री उंबरठ्यात खिळा मारला. घर दुरुस्त करताना उंबरठ्याचे लाकूड बदलले, तोवर तो खिळा तिथेच होता आणि घरातल्या सगळ्या सुना त्यावरून ये-जा करत होत्या. मी तिचे नाव विचारले. आजी म्हणाली, "तिला आम्ही ती बाळंतीणच म्हणायचो गे." आमच्या घरात पुरुषांनी जपलेली वंशावळ आहे, सात पिढ्यांची. थोरल्या आजोबांच्या नावापुढे बायकोचे एकच नाव आहे, दुसरीचे. पहिलीची खूण म्हणजे तो खिळा.

ती कशाने मेली असेल? बाळंतपणात बायका ज्या कारणांनी मरतात ती फारशी बदललेली नाहीत. रक्तस्राव, जंतुदोषाचा ताप, अडलेले मूल, आणि झटके. झटक्यांत अंगावर सूज येते, डोळे फिरतात, अंग ताठ होऊन आपटते. ते पाहून भ्यालेल्या घरातल्या माणसांनी "काहीतरी लागलं" असे म्हणायचे, यात नवल नाही. व्हिएन्नाच्या इस्पितळात सेमेलवाइस या डॉक्टरने हात धुवून बाळंतज्वराचे मृत्यू कमी करून दाखवले ते 1847 साली, आणि त्याचे तिथल्या थोर डॉक्टरांनीही कितीतरी वर्षे ऐकले नाही. पणजीत वैद्यकीय शाळा सुरू झाली 1842 साली. पण सुर्ल्याहून पणजी म्हणजे होडीचा प्रवास, तोही भरती-ओहोटी बघून. अडलेल्या बाईला भरतीची वाट पाहता येत नाही.

तेव्हा घाबरायचे कारण खरे होते. सटीची रात्र जागवायची, बाळंतिणीच्या उशाशी कोयती ठेवायची, हे सगळे त्या खऱ्या भीतीतून आले. खटकते ते पुढचे. भीती मरणाची होती, पण ती चिकटवली मेलेल्या बाईला. जी गेली तीच आता दुसऱ्या बाळंतिणीची वैरीण. घराने तिला वाचवले नाही, याचा तिला राग असणार, हे घराला मनातून ठाऊक होते. नाहीतर खिळा कशाला?

कायद्यातली बाई

इथे आपल्या मुलखाचा राजकीय इतिहास थोडा लक्षात घ्यावा लागतो. तिसवाडी, बार्देस, साष्टी हे जुन्या काबिजादीतले तालुके. तिथे 1560 ते 1812 या काळात, मधला थोडा खंड सोडला तर, इन्क्विझिशनचा अंमल होता आणि 1736 च्या फर्मानाने लग्न-बाळंतपणातल्या कितीतरी हिंदू चालीरीतींवर बंदी आली. डिचोली आणि सत्तरी पोर्तुगीजांकडे आले 1781-82 च्या सुमारास, पेडणे 1788 साली. या नव्या काबिजादीत रयतेचा धर्म आणि रूढी चालू ठेवण्याचे धोरण होते. म्हणून आपल्याकडे रोयण, म्हणजे वारूळ, सातेरी म्हणून पुजले जात राहिले, गावदेवाचा कौल राहिला, घाडी राहिला. चांगले ते राहिले तसे बाकीचेही राहिले.

रूढी चालू ठेवायच्या म्हटल्यावर त्या लिहून काढाव्या लागतात. 16 डिसेंबर 1880 च्या हुकूमनाम्याने गोव्यातल्या हिंदूंच्या रूढींची संहिता झाली. त्यात हिंदू पुरुषाला दुसरी बायको कधी करता येईल, याच्या अटी आहेत. पहिलीला 25 वर्षांची होईपर्यंत मूलच झाले नाही तर. किंवा ती 30 वर्षांची होऊनही मुलगा झाला नाही तर. आकडे नेमके आहेत. भुतांच्या वहीत जो रकाना होता तोच इथे सरकारी कागदावर आला. बाई म्हणजे तिचे बाळंतपण. ते साधले नाही तर जिवंतपणी सवत, ते करताना मेली तर खिळा.

जिचा राग गावाने मान्य केला ती

आता याच तालुक्यातली दुसरी बाजू पाहू. शिरगावची लईराई सुर्ल्यापासून फार लांब नाही. वैशाख शुद्ध पंचमीला तिची जत्रा भरते. हजारो धोंड हातात वेत घेऊन, सोवळे-उपास पाळून येतात आणि रात्री पेटवलेल्या होमखणाच्या निखाऱ्यांवरून चालतात. या जत्रेमागची कथा लहान पोरालाही पाठ असते. सात बहिणी आणि एक भाऊ. लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई, म्हापशाची मिराबाई, अशी बहिणींची नावे गावागणिक थोडी बदलतात. भाऊ खेतोबा. बहिणीने त्याला विस्तव आणायला पाठवले. तो वाटेत खेळात रमला. लईराईला राग आवरला नाही आणि तिने भावाला लाथ मारली. मग तिला पश्चात्ताप झाला आणि प्रायश्चित्त म्हणून ती आगीतून चालली. तिच्यामागून आजही धोंड चालतात.

मिराबाईची कथा तर आणखी पुढे जाते. ती म्हापशाची मिलाग्रीस सायबीण झाली असे दोन्ही धर्मांचे लोक मानतात. सायबिणीच्या फेस्ताला शिरगावहून तेल जाते आणि लईराईला तिकडून मोगरीची फुले येतात, असे सांगतात. बहिणींचे जाणे-येणे धर्म बदलला तरी तुटले नाही.

या कथेत मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. लईराईचा राग लपवलेला नाही. भावाला लाथ मारणारी बहीण, ही कोणत्याही सोवळ्या घरात झाकून ठेवायची गोष्ट. इथे तीच कथेचा कणा आहे. तिला राग आला हे गाव कबूल करते, त्या रागाची आग दरवर्षी पेटवते आणि त्या आगीतून स्वतः चालते. रागाचा भार एकटीवर टाकलेला नाही.

पुरुष देवाच्या रागाचेही असेच लाड होतात. कोजागिरीला पेडण्याची पुनव असते. त्या रात्री भूतनाथ रुसतो. एका रात्रीत माझे देऊळ बांधा म्हणतो आणि रानाकडे धावतो. मानकरी त्याच्या मागे लागतात, बांधू म्हणून समजूत काढतात आणि परत आणतात. देऊळ काही बांधून होत नाही, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा रुसतो. त्याच रात्री, त्याच देवळापुढे बाधा झालेल्या बायका-पुरुषांनाही आणतात. तिथे दोन प्रकारचे रुसणे शेजारी-शेजारी दिसते. एकाला हात जोडून परत बोलावतात. दुसऱ्याला नाव विचारतात, दरडावतात आणि "जा" म्हणतात.

देवी आणि भूत यांत फरक तो काय, तर हा. राग दोघींना आहे. लईराईच्या रागाला गावाने तिथी दिली, जागा दिली, मानकरी दिले. अळवंतिणीला यातले काहीच दिले नाही. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी'त सातेरीचे वारूळ हे भूमीच्या गर्भाशयाचे रूप आहे, असे मांडले. ते वाचल्यावर मला आमच्या घरातला उंबरठा आठवतो. जो गर्भ रोयणीच्या रूपात पुजायचा, तोच बाईच्या देहात मेला की त्यावर खिळा.

सतीचा दगड

देवी आणि भूत यांच्या मधे एक तिसरी आहे. सती. गोव्यात सतीशिळा बऱ्याच सापडतात. काही पणजीच्या संग्रहालयात आहेत, काही देवळांच्या आवारात वीरगळांच्या शेजारी टेकून ठेवलेल्या. आल्बुकेर्कने 1510 साली गोवा घेतल्यावर सती बंद केली, पण त्याचा हुकूम चालायचा तो बेटांवर. डिचोली तेव्हा त्याच्या हातात नव्हती. ब्रिटिश मुलखात सतीबंदी झाली ती 1829 साली.

सतीचा मृत्यूही अवेळी, वेदनेचा. बाळंतिणीचाही तसाच. मग एकीला दगड आणि हळदकुंकू, आणि दुसरीला राळे का? माझे उत्तर असे, की सतीच्या मरणाने घराची प्रतिष्ठा वाढली. बाळंतिणीच्या मरणाने घराकडे बोट दाखवले गेले. वेळेवर वयजीण बोलावली होती का, तिला पोटभर खायला होते का, इतक्या कोवळ्या वयात तिला बाळंतपण का आले? हे प्रश्न कोणी विचारू नयेत, म्हणून तिलाच घाबरण्यासारखी करून टाकली.

हे अपरिहार्य नव्हते, हे दूरच्या एका उदाहरणावरून कळते. मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेक लोकांत बाळंतपणात मेलेली बाई रणात पडलेल्या योद्ध्याच्या बरोबरीची मानत. योद्धे सूर्याला सकाळी वर घेऊन येत आणि या बायका त्याला दुपारपासून मावळतीपर्यंत पोचवत, अशी समजूत. त्यांना तेही भीत, ठराविक दिवशी त्या चव्हाट्यावर उतरतात म्हणून पोरांना घरात ठेवत. पण त्यांची दगडी मूर्तीही घडवत. उलट मलाया-इंडोनेशियात पोंतियानाक आहे, आपल्या अळवंतिणीची सख्खी बहीण शोभावी अशी. तीही बाळंतपणात मेलेली, मोकळ्या केसांची. आणि तिला काबूत ठेवायचा उपाय काय? मानेत खिळा. खिळा मारला की ती गुणी बायको होते, काढला की पुन्हा भूत. इतकी उघड कबुली आपल्या गोष्टींत नाही, पण खिळा तोच.

जिवंत बाईने कुठे बोलायचे

इथवर मेलेल्या बायकांचे झाले. जिवंत बाईच्या रागाला जागा होती का? होती, आणि ती बायकांनीच सांभाळली. पौषाच्या चांदण्या रात्रींत आपल्याकडे धालो होतात. सारवलेला मांड, समोरासमोर दोन रांगा, पुढे-मागे होत म्हटलेली गीते. पाच रात्री, कुठे सात, कुठे नऊ. त्यात सावज मारण्याचा खेळ असतो, पुरुषांच्या नकला असतात. शेवटच्या रात्री काही बायांच्या अंगावर रंभेचा भार येतो. वर्षभर सासूपुढे मान वर न करणारी बाई त्या रात्री मांडावर मोठ्याने बोलते आणि तिचे सगळ्यांनी ऐकायचे असते.

आमच्या वाड्यावरच्या एका म्हातारीला मी विचारले होते, "आजये, रंभा खरंच येते काय गे?" ती हसली. "येते कोण, जाते कोण, तुला कशाला? त्या दिवशी बायलांचं आयकतात, तेवढं खरं." धालोवर एवढी नेमकी टीका मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

पण मांडावरही एक मर्यादा होती. कितीतरी ठिकाणी धालोच्या मांडावर विधवेला मान नसे. म्हणजे जिला बोलायचे सर्वांत जास्त, ती कडेला. मेल्यावर ती लावसट होते, यात मग काय आश्चर्य.

पडद्यावरची आणि पुस्तकातली

हल्ली लोकविद्येवर बेतलेल्या भयकथांना मोठी मागणी आहे. 1973 च्या 'द विकर मॅन' या ब्रिटिश सिनेमापासून त्याची एक ठरलेली रीत झाली आहे. शहरातला माणूस आडगावात येतो, गावाची जुनी श्रद्धा त्याला गिळते. भयंकर कोण, तर गाव. आपल्याकडे चिं. त्र्यं. खानोलकरांनी ही जाण फार आधीच दाखवली होती. वेंगुर्ला-कुडाळचा हा मुलूख पेडण्याच्या सरहद्दीपलीकडचाच. त्यांच्या 'कोंडुरा', 'चानी', 'रात्र काळी, घागर काळी' या कादंबऱ्यांत भूत फारसे नाही. गावाची नजर आहे, आणि त्या नजरेखाली सापडलेली बाई आहे. तेवढ्याने वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

2017 च्या 'लपाछपी' या मराठी सिनेमाने हेच उसाच्या फडात नेले. मुलगी नको असलेल्या घराची ती गोष्ट. गरोदर बाई आणि तिच्याभोवती अशा घरांनी मारलेल्यांचा राग. 2018 च्या हिंदी 'स्त्री'त तर शेवट मला आमच्या विषयाचाच वाटला. गावाच्या भिंतींवर आधी तिला "उद्या ये" म्हणून टोलवणारी अक्षरे असतात. शेवटी तिचा पुतळा उभारतात आणि भिंतीवर "रक्षण कर" असे लिहितात. विनोदी सिनेमा आहे, पण भूत देवी कशी होते त्याची रीत त्याने बरोबर पकडली. तिला जागा दिली आणि मान दिला, बस.

तक्रार आहे ती बाकीच्यांबद्दल. अळवंतीण म्हणजे केस सोडून अंगावर येणारी बाई, एवढेच करून चालत नाही. कोण होती, कशाने मेली, कोणी वाऱ्यावर सोडली, हे न विचारता नुसते तिला पुन्हा नाचवले, तर आपण जुन्याच घाड्याचे काम करतो. फरक एवढाच, की तो दाणे टाकायचा आणि आपण तिकीट घेतो.

आपण काय नोंदवायचे

आपल्या भागात हे काम निकडीचे आहे. डिचोलीत खाणींनी डोंगरच्या डोंगर हलवले. 2012 साली खाणी थांबल्या तोवर कितीतरी वाटा, झऱ्यांच्या जागा, वेशीवरची झाडे गेली होती. देऊळ हलवायचे तर गाव विरोध करते. "तिथे दुपारचं जाऊ नये" असे म्हणायचे त्या चिंचेसाठी कोणी अर्ज करत नाही. झाड गेले की त्याच्याखालची गोष्ट जाते आणि गोष्टीतली बाईही जाते.

म्हणून मंडळाच्या सभासदांना माझे सांगणे आहे. गावात सर्वेक्षणाला जाल तेव्हा वीरगळ आणि शिलालेखांबरोबर तीन गोष्टी विचारा. पहिली, गावात भ्यायच्या जागा कोणत्या आणि तिथे कोण असते असे सांगतात. दुसरी, ती जिवंतपणी कोणाच्या घरची होती. तिसरी, तिचे नाव काय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुरुष उत्साहाने देतील. दुसऱ्याला जरा थांबतील. तिसऱ्यासाठी चुलीपाशी जाऊन बायकांना विचारावे लागेल, आणि शक्य तर बाईनेच विचारावे. घाई करू नका. देवाधर्माचा, घराण्याच्या अब्रूचा विषय निघतो. नाव छापायला घरची परवानगी नसेल तर छापू नका, पण वहीत लिहून ठेवा.

वयजिणींच्या घरी जा. त्यांच्यातल्या फार थोड्या उरल्या आहेत, पण त्यांच्या लेकी-सुनांना आठवते. कुठल्या वाड्यावर कोणत्या वर्षी कोण अडली होती, हे त्या कागदावाचून सांगतात. आपल्या बाळंतपणांचा इतिहास असा तोंडीच राहिलेला आहे.

आमच्या घरातल्या वंशावळीची नवी प्रत मी गेल्या वर्षी केली. थोरल्या आजोबांच्या नावाशेजारी दुसऱ्या बायकोच्या आधी मी एक ओळ वाढवली: "प्रथम पत्नी, पहिल्या बाळंतपणात मृत्यू, मूल दगावले." माझ्या चुलत्यांनी ती वाचली. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माहेर नावेलीचं होतं तिचं. तेवढं घाल." मी ते घातले.